माठ नसलेला उन्हाळा

मार्च सुरू झाला की माझ्या घशाला कोरड पडते. एकदा डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च लावून बघितलं आणि काही नाही म्हणाले. काही नसणारच, हे मलाही माहीत होतं. नवीन पनवेलच्या आमच्या गॅलरीत सकाळचं ऊन कठडा ओलांडून आत यायला लागतं, स्टेशनकडच्या रस्त्यावर रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात, आणि कोपऱ्यावर टेम्पोतून लाल-काळे माठ उतरतात. बायका एकेक माठ उचलून बोटानं टकटक वाजवून बघतात. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाते.

आमच्या घरातला एक उन्हाळा माठाशिवाय गेला. विमानतळ येणार, येणार असं नुसतं बोललं जायचं आणि उलव्याकडचे डोंगर अजून शाबूत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. दुपारी वीज जायची. पंखा थांबला की इमारतीतल्या सगळ्या खिडक्या एकामागून एक उघडल्याचे आवाज यायचे. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करत होते. पप्पा तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. आणि आई आजारी होती.

आई मूळची नगरकडची. खेड्यातल्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली, विहिरीवरून घागरी आणलेली. लग्न होऊन पनवेलला आली आणि आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत राहिली. रविवारी चर्चमध्ये मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्गही तीच घ्यायची. मधुमेह बरीच वर्षं होता, त्यानं आतल्या आत दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या. आम्हाला कळलं तेव्हा फार काही उरलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताच्या शिरेवर त्यासाठी छोटी शस्त्रक्रिया केली होती. तिथे बोटं ठेवली की आतून वाहत्या रक्ताची थरथर लागायची. आई कधीकधी माझा हात धरून तिथे ठेवायची आणि म्हणायची, “बघ, मांजर बसलंय आत.”

सुया तिनं सोसल्या. चार-चार तास खुर्चीत पडून राहणं सोसलं. बिनमिठाचं वरण, पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलेल्या भाज्या, सगळं सोसलं. तहान मात्र तिला सोसेना.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी पिता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. लघवीच होत नाही, मग प्यालेलं पाणी जाणार कुठे? ते अंगात साठतं. आधी पाय सुजतात, चेहरा सुजतो, मग छातीत पाणी होतं आणि श्वास कोंडतो. म्हणून दिवसाचं पाणी ठरलेलं. पप्पा सकाळी शाळकरी मुलं नेतात तसली छोटी बाटली भरून तिच्या उशाशी ठेवायचे. गोळ्या त्यातूनच घ्यायच्या, चहा धरायचा, आमटी धरायची. दुपारच्या आत बाटलीचा तळ दिसायचा. कलिंगड नाही, शहाळं नाही, आंबा नाही. आणि बाहेर उन्हाळा चढत चाललेला.

मराठीत या गोष्टीला किती शब्द आहेत. तहान, कोरड, शोष. आई भाषा शिकवायची, ती म्हणायची, “तहान म्हणजे पाणी मिळणार असतं तेव्हा लागते ती. मला होतो तो शोष.”

एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर स्वयंपाकघरातल्या तिवईवर माठ नव्हता. तिवईच्या लाकडावर नुसता ओला गोल डाग उरला होता. पप्पांनी माठ उचलून शेजारच्या देशमुख काकूंकडे नेऊन ठेवला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “ती झोपलेली असताना नेला. त्याच्याकडे बघत बसायची गं दुपारभर.” आईनं उठल्यावर ती रिकामी तिवई पाहिलीच असणार. फ्रिजमधल्या बाटल्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली गेल्या.

त्यानंतर आम्ही दोघं तिच्यासमोर पाणी प्यायचं टाळू लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. जेवताना ताटाजवळ पेले ठेवणं बंद झालं. कोरडा घास गिळायचा, आणि मग हात धुवायच्या निमित्तानं बाथरूममध्ये जाऊन, दार लावून, तिथे लपवलेल्या बाटलीतून पाणी प्यायचं. पप्पा आत गेले की मला त्यांच्या घोटांचा आवाज यायचा. साठीचा माणूस, चोरून पाणी पितोय.

हे आईला कळलं ते मावशीमुळे. आईची धाकटी बहीण भर दुपारी नगरहून एसटीनं आली. उन्हानं लाल झालेली, पदरानं वारा घेत बसली. आपल्याकडे घरात माणूस आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. इथे आम्ही तिघं नुसते बसलो होतो. मावशी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. पप्पांनी तिला डोळ्यांनी खूण केली, “जरा हातपाय धुऊन घे,” म्हणाले आणि बाथरूमकडे नेलं. मावशी आतून मोठ्यानं म्हणाली, “इथं कशाला ठेवलंय पाणी, भाऊजी?”

आई पलंगावर उठून बसली.

“तुम्ही रोज तिथे जाऊन पिता?” तिनं मला विचारलं.

मी मान खाली घातली.

“कृपा, बाहेर आणा ते. माझ्यासमोर प्या.”

“आई, तुला त्रास होतो.”

“त्रास तर होणारच आहे. पण तुम्ही पिताना मला बघू दे. घरात पाणी पिणारी माणसं आहेत असं तरी वाटेल.” मग बहिणीकडे बघत मला म्हणाली, “तिला भरून दे. लांबून आलीय ती.”

मावशीनं तो पेला रडत रडत प्याला. आई तिच्याकडे एकटक बघत होती. पेला रिकामा झाला, तशी आईनं स्वतःच आवंढा गिळला आणि म्हणाली, “गार होतं ना?” मी तिथून उठून गॅलरीत गेले. मला काहीही करता येण्यासारखं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बहुतेक वेळ मी असंच उठून कुठेतरी जायचे आणि परत यायचे.

गॅलरी आईची जागा होती. सकाळी उजाडता उजाडता पप्पा तिची खुर्ची तिथे नेऊन ठेवायचे. समोर तेव्हा मोकळं मैदान होतं आणि मैदानाच्या टोकाला एक काटेसावर. मार्चमध्ये तिच्यावर एकही पान नव्हतं, नुसती लाल, जाड पाकळ्यांची फुलं. त्या फुलांत रस असतो आणि तो प्यायला पहाटेपासून पक्ष्यांची गर्दी होते, हे आईमुळे मला कळलं. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, एखादा पिवळाधमक हळद्या. चोच आत खुपसायची, मान वर करून गिळायचं, पुन्हा खुपसायची. पलीकडे प्रबळगडामागून सूर्य वर यायचा आणि ती फुलं आतून पेटल्यासारखी दिसायची. आई ते बघत बसायची. घसा कोरडा असल्यानं तिला धड गाता येत नसे, म्हणून ओठांतल्या ओठांत एखादं जुनं भजन म्हणायची.

“कुठून आणत असेल गं हे झाड?” ती एकदा म्हणाली. “खाली जमीन बघ, तडे गेलेत. आणि वर एवढ्या सगळ्यांना पाजतंय.”

कठड्यावर तिनं पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवलं होतं. ते भरायचं काम ती कुणाला देत नसे. पप्पांना भीती वाटायची. ते दारात उभे राहून बघायचे. तिला ते कळायचं. “पीत नाही हो,” ती म्हणायची. “हात बुडवले तरी बरं वाटतं.” मग दोन्ही तळवे त्या भांड्यात बुडवून डोळे मिटून बसायची. ती प्रार्थना करायची की नुसतीच बसायची, मला सांगता येत नाही. मी शेजारी उभी असायचे आणि मला प्रार्थना येत नसे. मी म्हणायचे, प्रभू, हिला पाणी पिऊ दे. यापुढे मला वाक्यच सुचायचं नाही.

चर्चची माणसं यायची. आमची मंडळी छोटी, सगळे एकमेकांना ओळखणारे. कुणी सरबताची बाटली घेऊन यायचं आणि दारातच लक्षात येऊन ती पिशवीत परत ढकलायचं. प्रार्थना गटातल्या एक बाई डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करायच्या आणि जाताना म्हणायच्या, “विश्वास धरा विमलबाई. विश्वास पूर्ण असेल तर तो बरं करतोच.” त्या गेल्या की आई बराच वेळ छताकडे बघत पडायची. एकदा म्हणाली, “माझा किती भरला असेल गं? अर्धा?” थट्टेनं म्हणाली, पण आवाजात थट्टा नव्हती.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि कुणी कशावर बोलायचं ते चर्चचे पाळकसाहेब काही आठवडे आधी सांगून ठेवतात. त्या वर्षी पाळक नवीन आले होते. तरुण होते, कोल्हापूरकडचे. आई शिक्षिका, बोलायची सवय असलेली, एवढंच त्यांनी ऐकलं असावं. त्यांचा फोन आला. पाचवा उद्गार विमलबाईंनी घ्यावा. पाचवा म्हणजे तहानेचा, ‘मला तहान लागली आहे’ हा.

पप्पांनी फोन ठेवला आणि ते संतापले. मी त्यांना फारसं रागावताना पाहिलेलं नाही. “अरे, चौकशी तरी करायची. कुणाला काय देतोय!” ते फोन परत उचलायला निघाले, तर आतून आई म्हणाली, “राहू द्या. त्यांनी नसेल केली चौकशी. पण मला दिलंय ते बरोबर दिलंय.”

मग ती त्या उद्गाराच्या मागे लागली. इतक्या वर्षांत तिनं मुलांना शिकवलं होतं, की ही तहान साध्या पाण्याची नाही, माणसांच्या तारणाची आहे. प्रवचनांत आम्ही सगळ्यांनी हेच ऐकलं होतं. तेच पुन्हा बोलायचं म्हटलं असतं तर तिला तयारीही लागली नसती. पण गॅलरीत बसून ती म्हणायची, “मला हे आता पुरत नाही.”

आणि मग ती दुपार आली. मी सुट्टी घेतली होती. पप्पा औषधं आणायला बाजारात गेले होते. वीज गेलेली. मी बाहेरच्या खोलीत आडवी झाले आणि माझा डोळा लागला. जाग आली ती तांब्या फरशीवर घरंगळल्याच्या आवाजानं. स्वयंपाकघरात आई ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. नळ चालू. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, पदर भिजला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. वर्गात चोरी पकडलेल्या मुलासारखी तिची नजर होती.

“मला थांबताच येईना गं,” ती म्हणाली.

मी नळ बंद केला. किती प्यालीस, असं विचारायचं माझ्या तोंडात आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. फरशी गार होती. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. तिला बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं. आणि संध्याकाळी काय होणार, हेही दोघींना माहीत होतं.

दिवे लागायच्या सुमाराला तिला आडवं पडवेना. बसून श्वास घेऊ लागली, मग बसूनही पुरेना. रिक्षात पप्पांनी तिला मिठीत धरून बसवलं. तिच्या छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, घाईनं डायलिसिसला घेतलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. पप्पा पायऱ्यांवर बसले. तळोज्याला भट्टीसमोर काम केलेले त्यांचे मोठे हात मांडीवर उघडे पडले होते.

“एवढी वर्षं संसार केला,” ते म्हणाले. “आणि आता माझं काम काय, तर हिला पाणी मिळू नये म्हणून लक्ष ठेवायचं. देवानं हेच काम काढलं माझ्यासाठी?”

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. असल्या वेळी लोक म्हणतात, यात देवाची काहीतरी योजना असेल. तेव्हा त्या पायऱ्यांवर कुणी असं म्हणालं नाही, याबद्दल मी आभारी आहे.

आई त्यातून निभावली. घरी आली ती मिटून. गॅलरीत बसेना. पाळकसाहेबांना निरोप पाठवला की उद्गार दुसऱ्या कुणाला द्या. ते घरी आले. मघाशी सांगितलं तसे तरुण होते, घामेजलेले. मी पाणी आणलं, तर त्यांनी हातानं नको म्हटलं. आईच म्हणाली, “घ्या. माझी हरकत नाही.” त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला कुठे ठेवावा ते न कळून हातात धरून बसले.

“माफ करा,” ते म्हणाले. “मला माहीत नव्हतं.”

“तसं नाही,” आई म्हणाली. “त्यानं सोसलं ते. मला सोसलं नाही. मी त्यावर काय बोलू?”

त्यांनी पेला खाली ठेवला. छोटीशी प्रार्थना केली. दारातून परत वळून म्हणाले, “मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. तुम्हाला जमलं तर बोला. नाही जमलं तर तेवढा वेळ आपण सगळे गप्प बसू.”

डायलिसिसला आईच्या शेजारच्या खुर्चीवर हिराबाय असायच्या. उरणच्या रस्त्यावरच्या एका गावच्या. घरची मिठागरं होती, ती गेली, आता मुलगा गाडीनं आणून सोडायचा. बोलायला मोकळ्या. त्या आठवड्यात आई गप्प आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

“बाई, आज गप का?”

आईनं पाणी प्यायल्याचं सांगितलं. हिराबाय हसल्या. “त्यात काय? मी तं दोनदा प्यालीय. पोरानं शिव्या दिल्या.” मग म्हणाल्या, “मिठागरावर आमी दिवसभर उनात. सगलीकडं पानीच पानी, पन एक थेंब तोंडात घेता नाय यायचा. तवा काय म्हाइत, म्हातारपनी पन तसंच हाय म्हून.”

आई थोडी हसली. मी मधल्या स्टुलावर बसले होते. नळ्यांतून दोघींचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. मग आईनं उत्तम शुक्रवारचं सांगितलं, आपल्याला काय बोलायला दिलंय ते सांगितलं. हिराबायनी मान वळवली.

“म्हंजे तुमचा देव तानेला व्हता?”

“हो. मरायच्या आधी.”

“आन् पानी मागितलं त्यानं?”

“मागितलं.”

“दिलं कुनी?”

“आंब दिली. आंबट दारू. स्पंजात भिजवून तोंडाला लावली.”

मशीनचा आवाज चालू होता. “आमचे देव निवद खातात, दूध पितात,” त्या म्हणाल्या. “तानेला देव मी कवा आयकला नाय.” आणि मग, जरा थांबून, “बरं हाय मंग. तुमाला काय व्हतंय ते त्याला सांगाया नाय लागायचं.”

आईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं तेव्हा कळलं, की जागी आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं पप्पांना खुर्ची गॅलरीत न्यायला सांगितली. काटेसावरीची फुलं तोवर संपली होती. झाडाला शेंगा धरल्या होत्या आणि नवी पानं फुटत होती. पक्षी दुसरीकडे गेले होते. बघण्यासारखं फार काही नव्हतं, तरी ती बसली. त्या दिवसापासून दुपारचा सगळ्यात वाईट वेळही ती तिथेच काढायची. ओला रुमाल मानेवर टाकून, समोरच्या करपलेल्या मैदानाकडे बघत. मी विचारलं, इथे उन्हाची झळ लागत नाही का? ती म्हणाली, “लागते. पण आत एकटीला जास्त लागते.”

उत्तम शुक्रवारी आम्ही तिला व्हीलचेअरवरून नेलं. चर्चच्या हॉलमध्ये माणसं दाटीनं बसली होती, सगळे उपाशी. पंखे गरम वारा फिरवत होते. पाचव्या उद्गाराची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी नुसतं आईकडे बघितलं. तिनं मान हलवली. पप्पांनी खुर्ची ढकलत पुढे नेली. माइक हातात धरताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, हात इतका वाळला होता.

ती जे बोलली ते मला जवळजवळ तसंच आठवतं.

“मी मुलांना शिकवायचे, की ही तहान आत्म्यांची आहे. तेही असेल. पण यंदा मला तेवढं मोठं बोलता येत नाही. त्याला तहान लागली होती. घसा सुकला होता. उन्हात होता तो. ज्यानं नद्या केल्या, त्यानं माणसांकडे पाणी मागितलं आणि मागायला तो लाजला नाही. मी मात्र लाजले. मी चोरून प्याले. माझे मिस्टर आणि मुलगी माझ्यापायी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले.”

ती दम घ्यायला थांबली.

“बरं व्हावं म्हणून सगळ्यांनी प्रार्थना केली. मी बरी झालेली नाही. होईन की नाही, मला माहीत नाही. पण डायलिसिसला माझ्या शेजारी एक बाई असतात, त्यांनी मला सांगितलं, की त्याला सांगायला लागणार नाही. तेव्हापासून मी दुपारी त्याला काही मागत नाही. आम्ही दोघं नुसते बसतो. मला एवढंच बोलायचं होतं.”

तिनं माइक खाली ठेवला. पुढचा उद्गार सुरू व्हायला वेळ लागला. प्रार्थना गटातल्या त्या बाई माझ्या पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. मी पप्पांकडे बघितलं. ते समोर बघत होते, ताठ, आणि त्यांचा एक हात आईच्या खुर्चीच्या मुठीवर घट्ट होता.

या सगळ्यानं तिची तहान कमी झाली, असं मला लिहिता आलं तर आवडेल. तसं झालं नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीही ती दुपारी ओठांवरून जीभ फिरवत होती. मे आणखी वाईट गेला. पण ती पुन्हा कधी नळाशी गेली नाही, आणि पुन्हा कधी मिटलीही नाही. मला त्या दिवसांत विश्वास म्हणजे काय ते कळलं, असंही नाही. मी अजूनही शेवटच्या बाकावर बसणारी आहे. भजनं म्हणते, प्रवचन अर्धं ऐकते. ते मैदान आता गेलं, काटेसावर गेली. तिथे टॉवर उभा आहे आणि गॅलरीतून प्रबळगडाचा एक तुकडाच दिसतो. सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या तुकड्याकडे बघत बसते. काही मागत नाही. मागायला सुचत नाही म्हणून, की आईचं ऐकून, ते मला ठरवता येत नाही.

ती श्रावणात गेली. बाहेर सगळं हिरवं झालं होतं, गाढी नदी भरून वाहत होती, हॉस्पिटलच्या खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. डायलिसिस आता तिच्या हृदयाला झेपेना. मध्येच रक्तदाब कोसळायचा. डॉक्टरांनी पप्पांना बाहेर बोलावून सांगितलं, की यापुढे करण्यात अर्थ नाही. पथ्यही सोडून द्या. त्यांना हवं ते द्या.

“पाणी?” पप्पांनी विचारलं.

“पाणीसुद्धा.”

“कितीही?”

“कितीही,” डॉक्टर म्हणाले.

पप्पा आत आले. टेबलावरच्या पाण्याच्या जगमधून त्यांनी स्टीलचा पेला काठोकाठ भरला. तो नेताना त्यांच्या हातातून थोडं सांडलं. त्यांनी आईची मान उचलून धरली आणि पेला तिच्या ओठांना लावला. आईनं त्यांच्याकडे बघितलं, चालतं का, असं विचारल्यासारखं. ते म्हणाले, “पी. डॉक्टरांनी सांगितलंय. पाहिजे तेवढं पी.”

तिनं दोन घोट घेतले.

“पुरे,” ती म्हणाली.

“अगं, अजून घे. आता काही होत नाही.”

“नको हो. नाही जात.” पप्पा पेला धरून तसेच उभे राहिले. तिनं मान कलती करून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही जेवून घ्या आता. कृपा सकाळपासून तशीच आहे.”

देशमुख काकूंनी दिलेला डबा होता. मी तो तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर उघडला. मेथीची भाजी, चपात्या, वेगळ्या डबीत भात. पप्पांनी पेला खाली ठेवला, सवयीनं हात जोडले, डोळे मिटले, आणि जेवणाआधीची प्रार्थना त्यांना सुरूच करता येईना. मला तर काहीच सुचत नव्हतं.

तेव्हा ती प्रार्थना आईनं केली. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. अन्नाबद्दल आभार मानले, ज्या हातांनी ते केलं त्यांच्याबद्दल मानले, पाण्याबद्दल मानले. आमेन म्हणून तिनं डोळे मिटले. मग आम्ही दोघं जेवलो.